मिताहाराचे दप्तर

मिताहाराचा संकल्प माणसाला नेहमी भरल्या पोटीच सुचतो. रिकाम्या पोटी तो फार तर पाने घ्यायला अजून किती अवकाश आहे याची चौकशी करतो. परंतु डिसेंबरच्या एकतिसाव्या रात्री, मित्रमंडळींचा आग्रह म्हणून पावभाजी, पावभाजीवरचे लोणी वाया जाऊ नये म्हणून पावाची आणखी एक जोडी, आणि येणारे वर्ष गोड जावे म्हणून गाजराच्या हलव्याच्या दोन वाट्या यथासांग उदरस्थ केल्यानंतर, आरामखुर्चीत पाय पसरून पडलेल्या गृहस्थाच्या अंतःकरणात जे वैराग्य उत्पन्न होते, ते इतके निर्भेळ असते की त्या घटकेस एखाद्या मठाचे आचार्यपद चालून आले तर तो ते नाकारणार नाही. मठातील भोजनव्यवस्थेची चौकशी तो दुसऱ्या दिवशी सकाळी करील. "बस्स! उद्यापासून गोड बंद, तळलेलं बंद, रात्रीचं जेवण सातच्या आत," असे तो जाहीर करतो आणि घरातील मंडळी मान डोलावतात, कारण ती घोषणा त्यांनी गतवर्षी ऐकलेली असते, आणि पुढील वर्षीही ऐकावयाची असते.

माझ्या बाबतीत या घोषणेस एक वेगळी शिस्त लागते. नोकरीची उभी हयात तालुका कचेरीत गेल्यामुळे माझी अशी दृढ श्रद्धा आहे की जी गोष्ट लेखी नाही ती घडलेलीच नाही, आणि जी एकदा लेखी झाली ती प्रत्यक्षात घडण्याची फारशी आवश्यकता उरत नाही. सबब नववर्षाच्या पहिल्या सकाळी स्नानसंध्या आटोपून, फुलस्केप कागद घेऊन, डाव्या बाजूस समास सोडून मी 'आहारनियंत्रण आदेश' असा मसुदा तयार केला. कलम 1 अन्वये साखर वर्ज्य; कलम 2 अन्वये तळण वर्ज्य; कलम 3 अन्वये सायंकाळी सात वाजल्यानंतर अन्नग्रहण वर्ज्य; आणि कलम 4 अन्वये दोन्ही वेळच्या जेवणात हिरवी भाजी व कोशिंबीर सक्तीची. मसुदा सुवाच्य होता, आटोपशीर होता, आणि माझ्या सेवाकाळातील कोणत्याही परिपत्रकापेक्षा त्याचा अर्थ अधिक स्पष्ट लागत होता. तीच त्याची उणीव ठरली.

सौभाग्यवतींनी चष्मा लावून तो वाचला आणि एकच प्रश्न विचारला.

"यात प्रसादाचं काय?"

प्रश्न निरुत्तर करणारा होता. साखरेस बंदी घालण्याचा अधिकार मला असला, तरी सत्यनारायणाच्या शिऱ्यावर जप्ती आणण्याचा अधिकार कोणत्याही दर्जाच्या अधिकाऱ्यास नाही. तेव्हा पोटकलम (अ) घालून देवाचा प्रसाद आदेशातून वगळण्यात आला. एक अपवाद केला की बाकीचे हक्काने रांगेत उभे राहतात, हा कचेरीतला अनुभव घरीही आला. पाहुण्याच्या घरी झालेला आग्रह पोटकलम (आ) मध्ये आला, कारण आग्रह मोडणे हे आपल्यात खाण्यापेक्षा मोठे पाप आहे. नातवाच्या ताटात उरलेले अन्न पोटकलम (इ) मध्ये आले, कारण अन्न टाकू नये असे मीच त्याला रोज सांगतो, आणि ते बरेच उरावे एवढे त्याच्या ताटात वाढण्याचे कामही मीच करतो. प्रवास, आजारपण, आणि आजारपणातून उठल्यावर शक्ती भरून येण्याचा काळ यांना स्वतंत्र सवलत मिळाली. दुपारपर्यंत मूळ आदेश चार ओळींचा आणि अपवाद कागदाच्या पाठपोट असे दस्तऐवजाचे स्वरूप झाले. ज्या कायद्याला अपवाद नसतात तो अमलात येण्याचा धोका असतो. हा धोका आता पुष्कळच टळला होता.

यांतले सर्वांत निरुपद्रवी दिसणारे, आणि म्हणूनच सर्वांत घातक निघालेले पोटकलम म्हणजे 'चव पाहणे'. स्वयंपाकघरातून हाक येते, "अहो, जरा बघा हो, मीठ बरोबर आहे का?" आता मीठ पाहण्यासाठी जो पदार्थ तोंडात जातो त्यास खाणे म्हणणे हा शुद्ध अन्याय आहे, ती शासकीय तपासणी होय. परंतु तपासणीची काही पद्धत असते. पंचनाम्याला दोन पंच लागतात, एकाच्या साक्षीवर निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून पहिली भजी मिठासाठी आणि दुसरी पहिलीच्या साक्षीस दुजोरा म्हणून घ्यावी लागते. आणि दोघींच्या साक्षीत तफावत आढळली, म्हणजे पहिलीत ओवा अधिक आणि दुसरीत तिखट अधिक निघाले, तर तिसरी बोलावण्यावाचून गत्यंतर नसते. "झालं का बघून?" असे विचारल्यावर "मीठ ठीक आहे, पण कांदा पुन्हा एकदा पाहावा लागेल," असा अभिप्राय मी देतो. अशा वेळी परात माझ्या समोरून उचलली जाते. चौकशी अपुरी ठेवून दप्तर परत मागविण्याचे प्रकार मी नोकरीतही पाहिले आहेत.

चहाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे की प्रौढ माणसाने दिवसाकाठी वरून घेतलेली साखर शक्यतो 25 ग्रॅमांच्या आत, म्हणजे सुमारे सहा छोटे चमचे इतकी ठेवावी. पुण्यातील अमृततुल्य चहा ज्याने घेतला आहे, त्यास हा हिशेब सकाळी दहाच्या आत संपतो हे सांगणे नको. मी त्यावर अर्ध्या चहाचा उपाय काढला. अर्ध्या चहाची नोंद रोजनाम्यात अर्धीच होते. आणि दोन अर्धे चहा दोन वेगळ्या दुकानांत घेतले असता त्यांची बेरीज करण्याची तरतूद आदेशात कोठेही नाही.

तरीही एवढ्यावर आदेश टिकला असता. परंतु वर्षारंभ जानेवारीत ठेवण्याची कल्पना ज्या कोणा रोमनाची असेल, त्याने महाराष्ट्रातील पौष महिन्याचा विचार केलेला दिसत नाही. थंडीत जठराग्नी बलवान होतो आणि त्यास जड, स्निग्ध अन्नाचे इंधन पुरवावे लागते, असे चरकसंहिता सांगते. आणि दोन हजार वर्षे वैद्यांनी मानलेला ग्रंथ एका फुलस्केप कागदाने बाजूस सारणे मला प्रशस्त वाटले नाही. त्यातच जानेवारीचा पूर्वार्ध हा धुंधुरमासाचा. या दिवसांत सूर्योदयाच्या आत देवाला नैवेद्य दाखवून जेवण्याची चाल आहे. पहाटेच्या काळोखात, कानटोपी घालून, वाफाळलेली मुगाची खिचडी, तीवर तूप, बाजरीची भाकरी, भाकरीवर लोण्याचा गोळा आणि वांग्याचे भरीत अशी पंगत आमच्या थोरल्या वहिनींच्या घरी बसते. मी आदेश काढून पाहिला. सायंकाळी सातनंतर खाण्यास बंदी होती. सकाळी सातपूर्वी खाण्याविषयी आदेश पूर्णतः मौन होता. जेथे कायदा मौन असतो तेथे रूढी बोलते, हे तत्त्व मी पाटावर बसताना वहिनींना समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "भावजी, बोलण्यात खिचडी निवते आहे."

त्यानंतर हुरडा. मेहुण्यांचे शेत सोलापूरकडे आहे, आणि जानेवारीच्या एखाद्या रविवारी तिकडे न जाणे हे सोयरीक मोडण्यासारखे समजले जाते. शेताच्या बांधावर खड्डा खणून गोवऱ्यांची आगटी पेटवलेली, तिच्या निखाऱ्यात ज्वारीची कोवळी कणसे भाजली जात आहेत, मेहुणे ती तळहातावर चोळून, फुंकर मारून, हिरवेगार दाणे आपल्या हातावर ओतीत आहेत, आणि सभोवती शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, घट्ट दही, गुळाचे खडे, बोरे व उसाची कांडकी मांडलेली आहेत, अशा ठिकाणी मनुष्याने किती खाल्ले याचा हिशेब मागणे हीच मुळी असंस्कृतपणाची गोष्ट आहे. पोळ्या मोजता येतात, वाट्या मोजता येतात. हुरडा मोजता येत नाही, आणि म्हणूनच तो आजवर कोणाला बाधला नाही.

"दाजी, घ्या अजून. गुळभेंडी आहे, हवेसारखी हलकी."

"अरे, पण माझा आदेश—"

"हिरवी भाजी सक्तीची आहे ना त्यात? हे काय मग, पिवळं आहे?"

मेहुणे शेती करतात, परंतु कायद्याची जाण त्यांना माझ्यापेक्षा उपजत आहे. हुरडा कलम 4 खाली जमा करण्यात आला.

भोगीच्या दिवशी प्रश्नच नव्हता. 'न खाई भोगी तो सदा रोगी' अशी स्पष्ट आरोग्यविषयक ताकीद पूर्वजांनी देऊन ठेवली असल्यामुळे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वांगी, गाजर, पावटे, सोलाणे, ओले शेंगदाणे घातलेली ती लेकुरवाळी भाजी ही माझ्या संकल्पाला पूरकच होती. रोगी राहू नये याचसाठी तर सारा खटाटोप. दुसऱ्या दिवशी गुळाची पोळी आली. ही पोळी तुपाशिवाय खाणे अशक्य असते, कारण तिच्यातील तापलेला गूळ जीभ पोळतो आणि त्यावर साजूक तुपाची धार हा प्रथमोपचार होय. घरगुती अपघातांचा बंदोबस्त आहारनियमांखाली येत नाही.

पण संक्रांतीचे खरे संकट संक्रांतीला संपत नाही. हळदीकुंकवाचा अंमल रथसप्तमीपर्यंत चालतो. या काळात घरातील प्रत्येक डब्यात तिळाची वडी, प्रत्येक येणाऱ्याच्या हातात लाडू, आणि प्रत्येक तोंडी गोड बोलण्याची विनंती असते. आमच्या शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. गच्चीवरील पाण्याच्या टाकीच्या झाकणावरून त्यांचा आमचा वाद गेल्या पावसाळ्यापासून तहकूब आहे. ते दारात येऊन, हात पुढे करून, "तिळगूळ घ्या, गोड बोला," म्हणाले. आता हा लाडू न घ्यावा, तर टाकीचे प्रकरण पुन्हा सुनावणीस येणार. घ्यावा, तर कलम 1 चा भंग. मी घेतला. सार्वजनिक शांततेसाठी अधिकाऱ्याला प्रसंगी स्वतःच्या हुकमाबाहेर जावे लागते. त्यांना शांततेची खात्री पटावी म्हणून मी दुसराही घेतला, त्यावर ते म्हणाले, "डबा इथंच ठेवून जाऊ का?"

हे पोस्टमास्तर स्वतः मात्र कडक पथ्याचे. डॉक्टर जगन्नाथ दीक्षित यांच्या आहारपद्धतीचे ते निष्ठावंत अनुयायी आहेत: कडकडीत भूक लागेल तेव्हा, दिवसातून केवळ दोनदा, आणि एका बैठकीस 55 मिनिटांपेक्षा अधिक वेळ न लावता जेवायचे. या विचाराचे मूळ नागपूरच्या कैलासवासी डॉक्टर श्रीकांत जिचकार यांच्याकडे जाते, हे ते भक्तिभावाने सांगतात. याउलट, सुनेने आग्रह करून ज्या आहारतज्ज्ञ बाईंकडे मला नेले त्यांचा संप्रदाय निराळा. त्यांनी प्रथम माझी कैफियत घेतली.

"काल दिवसभरात काय काय खाल्लंत?"

"विशेष काही नाही. दोन वेळचं जेवण."

"आणि मधे?" हा प्रश्न त्यांनी मला न विचारता सौभाग्यवतींना विचारला, यावरून बाईंचा व्यवसायातील अनुभव दांडगा असावा. पुढील सारी साक्ष त्यांनीच दिली आणि ती कागदावर उतरवून घेण्यास बाईंना दुसरा कागद घ्यावा लागला. शेवटी निकाल मिळाला तो असा, की पोट फार वेळ रिकामे ठेवू नये, दर दोन तासांनी थोडे थोडे खावे.

घरी येऊन मी दोन्ही मतांचा तौलनिक अभ्यास केला. एका मताप्रमाणे 55 मिनिटे, दुसऱ्या मताप्रमाणे दर दोन तासांनी. मी दोहोंचा मेळ घालून दर दोन तासांनी 55 मिनिटे असा कार्यक्रम आखला आणि तो भिंतीवर लावला. मुलाने वाचून डोक्याला हात लावला. "बाबा, हे दोन वेगळे पंथ आहेत! एक धरला की दुसरा सोडायचा असतो."

"शैव आणि वैष्णव हेही वेगळे पंथ होते," मी म्हणालो. "महाराष्ट्राने दोघांना एका पंगतीला बसवलं."

तिसरीकडे ऋजुता दिवेकर तुपाला भिऊ नका असे सांगतात, तेही मी शिरोधार्य मानले. माझ्याविषयी असे म्हणता येणार नाही की मी कोणा गुरूचा अनादर केला. प्रत्येकाकडून मी परवानगी तेवढी घेतली आणि बंदी ज्याची त्यास परत केली. भोवताली पाहिले असता या शिष्यपरंपरेत मी एकटा नाही, असे दिसते. चालायला जाणारे गृहस्थ डॉक्टरांच्या चालण्याच्या सल्ल्यातले पर्वतीवर जाणे मनोभावे पाळतात, आणि उतरल्यावर मिसळीच्या दुकानात त्यांची जी सभा भरते तिची हजेरी चालण्याच्या हजेरीपेक्षा नेहमीच अधिक असते. कित्येक सभासद थेट सभेलाच येतात.

पोस्टमास्तरांच्या निष्ठेची कसोटी पाहण्याचा योग मला लग्नसराईत आला. संक्रांत झाली की थांबून राहिलेली कार्ये सुरू होतात. एका कार्यात आम्ही शेजारीच ताटे घेऊन उभे होतो. पहिला घास घेताना त्यांनी मनगटावरील घड्याळ उघड्यावर आणले, वेळ मोठ्याने उच्चारली, आणि मग जे जेवण सुरू केले ते पाहून माझ्या ध्यानात आले की 55 मिनिटे ही त्यांच्या लेखी मर्यादा नसून उद्दिष्ट आहे. सामान्य मनुष्य लग्नात वीस-पंचवीस मिनिटांत हात धुतो. पोस्टमास्तरांनी वरणभातापासून आरंभ करून, मसालेभात, बटाटेवडे, डोशाचा तवा, आणि बालकांकरिता वेगळ्या मांडलेल्या नूडल्सचा विभाग, अशी साऱ्या मुलुखाची जमाबंदी केली. पन्नासाव्या मिनिटाला मंडपाच्या दूरच्या टोकास गरम जिलेबीचा घाणा सुरू झाल्याची वार्ता आली. रांग लांब होती. त्यांच्या कपाळावर प्रथमच घाम दिसला.

"वेळ संपत आली," मी म्हणालो.

"पहिला घास मुदतीत गेला की पुरे. बाकीचे त्याच जेवणात धरतात."

"असं कुठं लिहिलंय?"

"तुमच्या कचेरीत मुदतीच्या आत अर्ज दाखल झाला आणि कागदपत्रं मागून आली, तर अर्ज फेटाळत होता का?"

मी पुष्कळ अर्ज त्याच कारणास्तव फेटाळले होते. परंतु त्यांच्या मागे रांगेत मीही उभा असल्यामुळे ही माहिती त्या वेळी उघड केली नाही.

शास्त्राचा आधार शोधू गेलो तर तेथेही अशीच सोय निघते. एक ग्रॅम साखरेत चार कॅलरी आणि एक ग्रॅम तुपात नऊ, हे सुनेने मला कौतुकाने शिकवले. मी तत्काळ सूचना केली की शिऱ्यातील तूप निम्मे करून त्याच वजनाची साखर वाढवावी, म्हणजे साधी बचत होईल. त्या दिवसापासून तिने मला आकडे सांगणे बंद केले. शरीरभारनिर्देशांक म्हणून जे एक गणित आहे, म्हणजे किलोतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावयाचे, ते एकोणिसाव्या शतकात बेल्जममधील अडॉल्फ केटले या खगोलशास्त्रज्ञाने मांडले. ग्रहताऱ्यांच्या गती मोजून झाल्यावर हा मनुष्य खाली बघू लागला आणि त्याची दृष्टी नेमकी लोकांच्या पोटावर पडली. आपल्याकडील डॉक्टर 23 च्या वर आकडा गेला की भुवई उंचावतात. गणिताचा मी बारकाईने विचार केला तेव्हा असे आढळले की भागाकार लहान करण्याचे दोन मार्ग आहेत, अंश घटवणे किंवा छेद वाढवणे. आणि छेदाचा वर्ग होत असल्यामुळे फायदा तिकडेच अधिक. हल्ली मी वैद्यकीय तपासणीस जाताना अत्यंत ताठ उभा राहतो.

या उद्योगात ज्वारी-बाजरीचे जे भाग्य उजळले आहे, त्याचा मात्र मला मनापासून अचंबा वाटतो. माझ्या लहानपणी पाहुणा दारात दिसला की भाकरीची चवड फडक्याखाली जाई आणि कणीक भिजवली जाई. पाहुण्याला भाकरी वाढणे म्हणजे घरची तंगी चव्हाट्यावर मांडणे. 1972 च्या दुष्काळात रेशनच्या दुकानापुढे रांगा लावून आम्ही अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आणली, आणि ती गिळताना चेहरे असे करीत होतो की अमेरिकेने ते पाहिले असते तर पुन्हा धाडली नसती. आणि आता 2023 हे साल संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, दिल्लीच्या अंदाजपत्रकात त्यांस 'श्रीअन्न' ही पदवी मिळाली, आणि आमच्याकडे पाहुणा आला की सूनबाई चपात्या फडक्याखाली दडवून भाकरी पुढे करते. धान्य तेच, फडके तेच. आत-बाहेर तेवढे बदलले.

तिने माझ्यासाठी नाचणीची बिस्किटेही आणली. पाकिटावर कणसाचे चित्र, शेतकऱ्याचे हसू आणि आरोग्याची ग्वाही होती. मी जन्मजात कारकून. पाकिटाची मागली बाजू वाचल्याशिवाय पुढील बाजूवर माझा विश्वास बसत नाही. आपल्या कायद्याप्रमाणे पदार्थातील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिला मान मैद्याचा होता, दुसरा साखरेचा, तिसरा वनस्पती तेलाचा. आणि नाचणी बरीच खाली, खाण्याच्या सोड्याच्या जरा वर, बिगरहुद्द्याच्या उमेदवारासारखी अंग चोरून बसलेली आढळली. बिस्किटे रुचकर होती. आरोग्याच्या नावाखाली घेतल्यामुळे ती एकाच बैठकीत संपवण्यास कोणाची हरकत आली नाही.

शेवटचा भरवसा मी एकादशीवर ठेवला होता. खाणे आपल्याच्याने आवरत नाही तर निदान धर्माने आवरावे, असा त्यामागील हेतू. पौषातील त्या एकादशीस षट्तिला म्हणतात, म्हणजे तिळांनी तेथेही माझी पाठ सोडली नव्हती. पान वाढले गेले: साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, वऱ्याचे तांदूळ, हिरव्या मिरचीचे तिखट आणि दह्याची वाटी. 'एकादशी, दुप्पट खाशी' असे म्हणणाऱ्याने हात राखूनच म्हटले आहे. साबुदाणा ज्यापासून होतो तो शाबूकंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही सारी मंडळी मूळची अमेरिका खंडातली, आणि पोर्तुगीजांच्या आगमनानंतर आपल्याकडे रुळलेली. पोर्तुगीज आले नसते तर आपल्याला उपासाच्या दिवशी उपासच करावा लागला असता.

महिनाअखेर हिशेब तपासणे ओघानेच आले. पूर्वी रेल्वेच्या फलाटावर वजनाची यंत्रे असत. नाणे टाकले की दिवे लुकलुकत, चाके फिरत, आणि खालून एक पुठ्ठ्याचे तिकीट पडे. त्यावर वजन छापलेले असे, आणि सोबत आपण उदार, बुद्धिमान व लवकरच भाग्योदय होणारे गृहस्थ आहोत असे भविष्यही असे. कित्येकदा पाठीवर एखाद्या नटीचे चित्र निघे. वजन वाढले तरी मनुष्य प्रसन्न चित्ताने गाडीत चढे. घरातल्या या नव्या काट्याला असले कोणतेही सौजन्य नाही. तो तांबड्या अक्षरांत आकडा दाखवतो आणि गप्प बसतो. मी त्याला खोलीच्या चारही कोपऱ्यांत नेऊन पाहिले, चष्मा काढून पाहिले, श्वास सोडून पाहिले. त्याने आपली जबानी बदलली नाही. सौभाग्यवतींनी मागून वाकून आकडा वाचला.

"वाढलंय."

"काटा फरशीवर नीट बसलेला नाही."

"काट्याचं बघू मागाहून. तुमच्या आदेशाचं काय करायचं?"

आदेश रद्द करणे मला मंजूर नव्हते. रद्द केलेल्या आदेशाची नाचक्की होते. मुदतवाढ दिलेल्या आदेशाची प्रतिष्ठा राहते. शिवाय या बाबतीत आपल्याइतका सुदैवी समाज पृथ्वीच्या पाठीवर नसेल. इंग्रजाला वर्षातून एकच नवे वर्ष. आपल्याला जानेवारी हुकला तर गुढीपाडवा आहे, पाडव्याला श्रीखंड आडवे आले तर 1 एप्रिलचे सरकारी वर्ष आहे, ते आंब्याच्या दिवसांत अडकले तर महसूल खात्याचे वर्ष 1 ऑगस्टला सुरू होते, आणि श्रावणातल्या पुरणपोळ्यांनी व नारळीभाताने तेही निसटले तर दिवाळीचा पाडवा व्यापारी वर्ष घेऊन दारात उभाच असतो. दिवाळीत पथ्य सुरू करण्याचा आग्रह कोणी शहाणा माणूस धरणार नाही, हे खरे. परंतु तेथून पुढे जानेवारी कितीसा दूर राहतो?

सध्या आदेश गुढीपाडव्यापर्यंत तहकूब आहे आणि त्याची प्रत शीतकपाटाच्या दारावर, सर्वांस दिसेल अशा ठिकाणी चिकटवलेली आहे. रथसप्तमी अजून व्हावयाची आहे. सबब वाचकांपैकी जे कोणी तोवर आमच्याकडे येण्याचे योजीत असतील, त्यांस नम्र विनंती की येताना हाती गोड काही आणू नये. आणणे अगदीच टळत नसेल तर तिळाची वडी चिक्कीच्या गुळाची व गुळाची पोळी कोल्हापुरी गुळाची असावी, आणि सायंकाळी सातच्या आत पोहोचावे.